बंद पडलेलं उपकरण आणि उघडे राहिलेले सॉकेट

सर्व्हर तसा साधा होता. पायथनमध्ये असिंकआयओ (एकाच वेळी अनेक कनेक्शनं सांभाळणारी लायब्ररी) वापरून लिहिलेला, एकच प्रोसेस, एकच इव्हेंट लूप, म्हणजे सगळी कामं आळीपाळीने पुढे सरकवणारं एकच चक्र. एका बाजूने मोजमाप करणारी उपकरणं मोबाइल नेटवर्कवरून टीसीपी कनेक्शन उघडायची आणि दर 30 सेकंदांनी एक ओळ पाठवायची: उपकरणाचा क्रमांक, वेळ, रीडिंग. दुसऱ्या बाजूने दर्शक जोडले जायचे. दर्शक म्हणजे आकडे पाहणाऱ्याच्या संगणकावरचा छोटा प्रोग्राम. कुठलं उपकरण पाहायचं ते तो सुरुवातीला एका ओळीत सांगायचा आणि मग नुसता ऐकत बसायचा. उपकरणाची ओळ आली की सर्व्हर ती त्या उपकरणाच्या सगळ्या दर्शकांच्या रांगांमध्ये टाकायचा. प्रत्येक दर्शकासाठी वेगळं टास्क, म्हणजे त्या चक्रात स्वतंत्र चालणारं काम, होतं. ते आपल्या रांगेतून ओळ काढून सॉकेटवर, म्हणजे कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकावर, लिहायचं.

तक्रार अशी होती की मधूनच नवीन कोणी जोडलंच जात नाही. आधीपासून जोडलेल्यांचं मात्र व्यवस्थित चालू असतं. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, काही काळाने पुन्हा तेच. त्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. उपकरणांच्या लॉगमध्ये ‘कनेक्शन झालं’ अशी स्वच्छ नोंद होती आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या कनेक्शनचा मागमूस नव्हता.

या विसंगतीचा उलगडा सोपा आहे, पण ती पहिल्यांदा पाहणारा हमखास नेटवर्कवर संशय घेतो. टीसीपीचा सुरुवातीचा हँडशेक, म्हणजे कनेक्शन जोडण्याची देवाणघेवाण, सर्व्हरचा प्रोग्राम करत नाही, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) करतो. हँडशेक पूर्ण झालेली कनेक्शनं एका रांगेत थांबतात आणि प्रोग्राम ‘अ‍ॅक्सेप्ट’ करून ती एकेक उचलतो. असिंकआयओच्या सर्व्हरसाठी या रांगेची मर्यादा मुळात 100 ठेवलेली असते. प्रोग्रामने उचलणं थांबवलं तरी रांगेत जागा असेपर्यंत समोरच्याला कनेक्शन झाल्याचंच दिसतं. त्याने पाठवलेली पहिली ओळही कर्नलच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जाऊन बसते, तिची पोचही मिळते. फक्त ती वाचणारं कोणी नसतं.

मग सर्व्हर अ‍ॅक्सेप्ट का करत नव्हता? कारण प्रोसेसला मिळालेले 1024 फाइल डिस्क्रिप्टर (प्रत्येक उघड्या सॉकेटला किंवा फाइलला लागणारा क्रमांक) संपले होते. अशा वेळी असिंकआयओ कोसळत नाही. ‘सिस्टमकडची साधनं संपली’ अशा अर्थाची एक ओळ लॉगमध्ये टाकतो, एक सेकंद थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो. ती ओळ लॉगमध्ये होती. पण क्लायंटने (जोडलेल्या उपकरणाने किंवा दर्शकाने) कनेक्शन रीसेट केलं, म्हणजे एकदम तोडलं, की या सर्व्हरमध्ये प्रत्येक वेळी पूर्ण स्टॅक ट्रेससकट (कोडच्या कुठल्या ओळींतून चूक आली त्या यादीसकट) ‘एरर’ छापला जाई, आणि मोबाइल नेटवर्कवर रीसेट हा रोजचाच प्रकार. त्या ढिगाऱ्यात कामाची ओळ गाडली गेली होती. माझ्या मते क्लायंट जाणं ही माहितीच्या पातळीवरची नोंद आहे: कोण, किती वेळ जोडलेला होता, कशामुळे गेला. तिला एरर म्हणायला लागलो की खरे एरर वाचायची सवयच मोडते.

लगेच सुचलेला उपाय म्हणजे डिस्क्रिप्टरची मर्यादा 65535 करणे. तो केलाही असता, पण त्याने फक्त दोन तक्रारींमधलं अंतर वाढलं असतं.

सॉकेटची यादी काय सांगत होती

लिनक्सवर ‘एसएस’ ही कमांड चालवून प्रत्येक कनेक्शन कुठल्या अवस्थेत आहे ते पाहिलं. बहुसंख्य सॉकेट ‘क्लोज-वेट’मध्ये अडकलेले होते आणि ते सगळे दर्शकांचे होते. उरलेले ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे चालू, होते, पण त्यात अशी काही उपकरणं होती की जी केव्हाच बंद पडल्याचं प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना ठाऊक होतं.

क्लोज-वेटचा अर्थ नेमका आहे. समोरच्याने फिन पाठवला, म्हणजे ‘माझ्याकडून आता काही येणार नाही’ असं सांगितलं. आपल्या कर्नलने त्याची पोच दिली. आता आपला प्रोग्राम सॉकेट कधी बंद करतो याची वाट चालू आहे. या अवस्थेला कालमर्यादा नसते. टाइम-वेट नावाची दुसरी अवस्था लिनक्सवर 60 सेकंदांत आपोआप सरते, म्हणून बरेच जण क्लोज-वेटही सरेल असं गृहीत धरतात. ते सरत नाही. प्रोसेस जिवंत आहे आणि सॉकेट उघडा आहे तोवर ते तसंच राहतं. थोडक्यात, क्लोज-वेटची रास दिसली की दोष नेटवर्कचा नसतो, आपल्याच कोडचा असतो.

दर्शकाचं टास्क कसं लिहिलं होतं ते आठवा. सुरुवातीची एक ओळ वाचायची, नंतर फक्त रांगेवर थांबायचं आणि लिहायचं. सॉकेटमधून पुन्हा वाचायचंच नाही. आणि समोरचा गेल्याची पहिली वर्दी वाचनातूनच मिळते: वाचायला गेलं की शून्य बाइट हाती येतात, म्हणजे फिन आला. जो वाचत नाही त्याला ही वर्दी कधीच मिळत नाही. असिंकआयओ आतल्या आत वाचत असतो, पण त्याच्या स्ट्रीम पद्धतीत, टीएलएस (एन्क्रिप्शन) नसेल तर, फिन आल्यावर कनेक्शन मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं जातं. समोरच्याने बोलणं संपवलं म्हणून ऐकणंही संपवलं असं टीसीपीत नसतं. विनंती पाठवून आपली बाजू बंद करायची आणि उत्तराची वाट पाहायची, हा पूर्ण वैध व्यवहार आहे. त्यामुळे लायब्ररी निर्णय घेत नाही, तुमच्यावर सोपवते. इथे तो निर्णय कोणीच घेतला नव्हता.

तरीही हा दोष इतके दिवस लपला कसा? कारण उपकरण चालू असेल तर तो आपोआप निस्तरला जातो. दर्शक गेल्यावर पुढची ओळ 30 सेकंदांच्या आत येते आणि सर्व्हर ती लिहितो. हे लिहिणं यशस्वी होतं! लिहिणं म्हणजे फक्त कर्नलच्या बफरमध्ये टाकणं, पोचवणं नव्हे. ते पॅकेट समोर पोचतं, तिथे ऐकणारा सॉकेट नसतो, म्हणून समोरचा कर्नल रीसेट पाठवतो. त्याच्या पुढची ओळ लिहायला गेलं की मग ‘ब्रोकन पाइप’ हा एरर मिळतो आणि असिंकआयओ सॉकेट बंद करतो. म्हणजे गेलेला दर्शक फार तर एक मिनिटभर डिस्क्रिप्टर अडवून ठेवणार. (सी भाषेत लिहिलेल्या सर्व्हरला याच क्षणी सिगपाइप सिग्नल मिळून तो काही न सांगता मरू शकतो, पायथन तो सिग्नल आधीच दुर्लक्षित करून ठेवतो.)

डिस्क्रिप्टर सुटला तरी टास्क सुटत नव्हतं, ही वेगळी गळती. कोड नुसता लिहीत सुटला होता, ‘ड्रेन’साठी, म्हणजे लिहिलेलं पुढे सरकण्यासाठी, थांबत नव्हता, त्यामुळे कनेक्शन गेल्याचा अपवाद (एक्सेप्शन) टास्कपर्यंत पोचतच नव्हता. मेलेल्या कनेक्शनवर लिहिलेलं असिंकआयओ गुपचूप फेकून देतो आणि अशा पाच लिखाणांनंतर इशारा छापायला लागतो. तेही इशारे लॉगमध्ये होतेच.

मूळ दुसरीकडे

आता ज्या दर्शकांचे सॉकेट क्लोज-वेटमध्ये साठले होते, त्यांनी कुठली उपकरणं मागितली होती ते ताडून पाहिलं. सगळी मागणी मोजक्या उपकरणांसाठी होती आणि ती नेमकी बंद पडलेली उपकरणं होती. मग साखळी जुळली. उपकरण बंद पडलं की ओळी येणं थांबतं. ओळ नाही म्हणून लिहिणं नाही, लिहिणं नाही म्हणून ब्रोकन पाइप नाही, म्हणून गेलेला दर्शक सुटत नाही. त्यात माणसाचा स्वभाव: पडद्यावरचे आकडे गोठलेले दिसले की तो प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडतो. हललं नाही की पुन्हा. प्रत्येक वेळी एक सॉकेट क्लोज-वेटमध्ये जमा. एक उपकरण मरतं आणि त्याच्याकडे पाहणारी माणसंच सर्व्हरची दारं बंद करत जातात. मर्यादा वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं असतं.

उपकरण मेल्याचं सर्व्हरला का कळलं नाही, हा या प्रकरणातला खरा प्रश्न. वीज गेली किंवा रेंज गेली तर फिन पाठवायला कोणी उरत नाही. रीसेटही येत नाही. सर्व्हरच्या बाजूने पाहिलं तर गप्प बसलेलं जिवंत कनेक्शन आणि मेलेलं कनेक्शन यांत काडीचाही फरक नसतो. टीसीपी हा काही तार जोडून ठेवत नाही; दोन टोकांनी आपापल्या स्मरणात ठेवलेली अवस्था म्हणजे कनेक्शन. एका टोकाचं स्मरण पुसलं गेलं तर दुसऱ्याला ते कोणीतरी सांगावं लागतं, किंवा त्याने स्वतः विचारावं लागतं. सर्व्हर उपकरणांना कधी काही लिहीतच नव्हता, त्यामुळे विचारण्याचाही प्रसंग येत नव्हता. लिहीत असता तर पोच न आल्याने कर्नलने पुन्हा पुन्हा पाठवून पाहिलं असतं आणि लिनक्सच्या मूळ मांडणीनुसार, म्हणजे 15 पुनर्प्रयत्नांनंतर, साधारण पंधरा-सोळा मिनिटांनी हात टेकले असते.

चाचण्यांमध्ये हे का सापडलं नाही याचंही उत्तर इथेच आहे. चाचणीत ‘क्लायंट तुटला’ याचा अर्थ होता क्लायंटचा प्रोग्राम कंट्रोल-सी दाबून मारणे. प्रोग्राम मेला तरी त्याच्या मागे कर्नल जिवंत असतो. तो उघडे सॉकेट रीतसर बंद करतो आणि फिन जातो. खऱ्या शांततेची चाचणी घ्यायची तर दोन टोकांमधली पॅकेट फायरवॉलच्या नियमाने गिळून टाकावी लागतात: नाकारायची नाहीत, गिळायची. नाकारली तर उलट उत्तर जातं आणि चाचणी पुन्हा सोपी होऊन बसते.

‘कीप-अलाइव्ह चालू करा की’ ही सूचना अशा चर्चेत ठरलेली. कीप-अलाइव्ह म्हणजे शांत कनेक्शनवर कर्नलनेच मधूनमधून ‘आहेस का’ असं विचारणं. ती चूक नाही, अपुरी आहे. लिनक्सवर ती चालू केली आणि आकडे तसेच ठेवले तर पहिली विचारणा 7200 सेकंदांच्या शांततेनंतर होते, आणि तिच्यासह 75 सेकंदांच्या अंतराने एकूण 9 विचारण्या. हिशेब केला तर मेलेलं कनेक्शन लक्षात यायला 2 तास 11 मिनिटं 15 सेकंद. हे दोन तास कुणाच्या लहरीने आलेले नाहीत. 1989 च्या आरएफसी 1122 या इंटरनेटच्या मानकाने सांगून ठेवलंय की ही सोय मुळात बंद असावी आणि चालू केल्यास मूळ अंतर दोन तासांपेक्षा कमी नसावं. आकडे प्रत्येक सॉकेटपुरते बदलता येतात, ते बदलावेतही. पण एक मर्यादा आकड्यांनी जात नाही: कीप-अलाइव्हला उत्तर देतो तो समोरचा कर्नल. उपकरणावरचा प्रोग्राम अडकून पडला असला, रीडिंग घेणं थांबलं असलं, तरी कर्नल इमानेइतबारे ‘आहे, आहे’ म्हणत राहतो. आपल्याला कर्नलची खुशाली नको असते, रीडिंग हवं असतं.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीने आणलेला दोष

उपकरणाच्या बाबतीत नशीब चांगलं होतं. प्रोटोकॉलमध्येच दर 30 सेकंदांना एक ओळ ठरलेली होती, तीच हार्टबीट, म्हणजे जिवंत असल्याची खूण. वाचनाला 90 सेकंदांची मुदत लावली. तीन ओळी चुकल्या की उपकरण गेलं असं समजायचं. मोबाइल नेटवर्कवर एखादी ओळ उशिरा येणं साहजिक आहे, म्हणून 30 किंवा 45 ची मुदत लावण्याचा मोह टाळला. खोटी हाकाटी झाली की कनेक्शन तोडणं, पुन्हा जोडणं आणि दर्शकांना चुकीचं सांगणं असं तिहेरी काम वाढतं.

त्याच वेळी दर्शकांना ‘हे उपकरण अमुक वेळेपासून गप्प आहे’ अशी ओळ पाठवायला सुरुवात केली. तांत्रिकदृष्ट्या हा बदल सगळ्यांत किरकोळ, पण पुन्हा पुन्हा प्रोग्राम उघडणं त्यानेच थांबलं.

दर्शकाच्या टास्कचे दोन भाग केले: एक रांगेतून लिहिणारा, दुसरा फक्त वाचत राहणारा. वाचणाऱ्याला काही मजकूर अपेक्षित नाही. त्याचं काम शून्य बाइटची वाट पाहणं. या प्रोटोकॉलमध्ये दर्शकाचा फिन म्हणजे निरोप, असं एकदाचं लिहून ठरवलं. दोघांपैकी जो आधी संपेल त्याने दुसऱ्याला रद्द करायचं. इथे टास्क-ग्रुप वापरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: गटातलं एखादं टास्क सुखरूप संपलं तर बाकीची रद्द होत नाहीत, अपवाद उठला तरच होतात. म्हणून वाचणाऱ्याने शून्य बाइट मिळाल्यावर नुसतं परत न येता अपवाद उठवावा लागतो. लिहिणारा आता प्रत्येक ओळीनंतर ड्रेनसाठी थांबतो.

झाकण मिटलेल्या लॅपटॉपसारखा दर्शक फिन न पाठवताच गायब होतो, तिथे वाचणाराही काही करू शकत नाही. म्हणून दर्शकांना दर 30 सेकंदांनी एक रिकामी ओळ पाठवायची आणि सॉकेटवर ‘यूझर टाइमआउट’ 60 सेकंदांचा लावायचा. पाठवलेल्या बाइटची पोच इतक्या वेळात आली नाही तर कर्नल पंधरा मिनिटं झगडत न बसता कनेक्शन तोडतो. लिनक्सवर ही सोय 2.6.37 पासून आहे आणि तिचा आकडा मिलिसेकंदांत द्यावा लागतो.

मग चाचणीत नवाच प्रकार दिसला. उपकरण चालू आहे, रीडिंग येत आहेत, आणि दर्शकांना मात्र ‘उपकरण गप्प’ असा निरोप. घडत होतं ते असं. उपकरणाची वीज जाऊन अर्ध्या मिनिटात परत येते आणि ते नवं कनेक्शन उघडतं. सर्व्हरच्या नोंदवहीत त्या क्रमांकासमोर आता नवं कनेक्शन आहे. जुनं अजून 90 सेकंद मोजतंय. त्याची मुदत संपली की त्याचं आवरण्याचं काम सुरू होतं आणि ते क्रमांक पाहून नोंद पुसतं. पुसली जाते ती नव्याची. जुनी कनेक्शनं पूर्वी कधीच आवरली जात नव्हती, म्हणून हा दोष तोवर झोपलेला होता.

उपाय एका तपासणीचा: पुसण्याआधी नोंदवहीतलं कनेक्शन मीच आहे का ते पाहायचं, नसेल तर हात लावायचा नाही, निरोपही द्यायचा नाही. शिवाय त्याच क्रमांकाचं नवं कनेक्शन आलं की जुन्याला मुदतीची वाट न पाहता लगेच काढायचं. यात एक खोच आहे. चुकून दोन उपकरणांना एकच क्रमांक दिला गेला असेल तर ती एकमेकांना अखंड हुसकावत राहतात. म्हणून ‘नव्याने जुन्याला काढलं’ ही नोंद लॉगमध्ये वेगळी उठून दिसेल अशी ठेवली.

आवरण्याची जागा एकच केली. फिन, रीसेट, मुदत, हुसकावणी, सर्व्हर बंद करणं, कारण काहीही असो, शेवट त्या कनेक्शनच्या हँडलरमधल्या एकाच ‘फायनली’त, म्हणजे काहीही झालं तरी शेवटी चालणाऱ्या भागात. त्यातही क्रम महत्त्वाचा. आधी नोंदवहीतून नाव काढणं, कारण त्यात कुठेही ‘अवेट’ (थांबून दुसऱ्या टास्कला वाव देण्याची जागा) नाही आणि मधे दुसरं टास्क घुसू शकत नाही. सॉकेट बंद करण्याची वाट पाहणं नंतर. बंद करताना साधं ‘क्लोज’ पुरत नाही हे थोडं खटकणारं आहे. असिंकआयओचं क्लोज आधी आपल्या बफरमध्ये उरलेलं सगळं लिहून होण्याची वाट पाहतं, आणि मेलेल्या समोरच्याकडे ते लिहून होणार नसतं. म्हणून निरोप फिनने आला असेल तर क्लोज, शांततेने आला असेल तर ‘अबॉर्ट’: बफर फेका, डिस्क्रिप्टर मोकळा करा.

अर्धवट ओळ

हे सगळं तपासताना एक दोष सापडला ज्याची कोणी तक्रारच केली नव्हती. असिंकआयओचं ‘रीडलाइन’ फिन आल्यावर ओळीचा शेवट मिळाला नसला तरी हाती असेल तेवढं परत देतं. उपकरणाचा प्रोग्राम ओळ पाठवता पाठवता बंद झाला आणि ओळीतलं शेवटचं रीडिंग 231 च्या जागी 23 वर तुटलं, तर पार्सरला (ओळीचा अर्थ लावणाऱ्या कोडला) ते पूर्ण वैध रीडिंग वाटतं. ते साठवलं जातं, दर्शकांनाही जातं. कनेक्शन अडकण्यापेक्षा हे वाईट, कारण अडकलेलं कनेक्शन निदान दिसतं. आता ओळ नव्या-ओळीच्या चिन्हाने संपली नसेल तर ती टाकून दिली जाते आणि किती बाइट टाकले ते नोंदलं जातं. हे ‘रीडअंटिल’ वापरून अपवादाच्या रूपातही मिळवता येतं.

उलट बाजूचीही एक खबरदारी आहे. कनेक्शन रीसेटने गेलं तर असिंकआयओचा स्ट्रीम वाचक पुढच्या वाचनाला थेट अपवाद उठवतो, त्याच्या बफरमध्ये पूर्ण आलेल्या पण अजून न उचललेल्या ओळी असल्या तरी. आणि रीसेट यायला क्लायंटने उद्धटपणा करावा लागतो असं नाही. आपण पाठवलेला मजकूर न वाचता त्याने सॉकेट बंद केला तरी लिनक्सचा कर्नल फिनऐवजी रीसेटच पाठवतो. या सर्व्हरवर उपकरणांना काही लिहिलं जात नाही, म्हणून सध्या हा धोका नाही. पुढे पोच पाठवायची ठरली तर ओळी मिळताक्षणी उचलण्याची आणि उपकरणाने शेवटची पोच वाचूनच बंद करण्याची अट प्रोटोकॉलमध्ये घालावी लागेल.

एक प्रकार मात्र यांपैकी कशातच बसत नाही. दर्शकाचा प्रोग्राम अडकला आहे, त्याचा कर्नल जिवंत आहे, सॉकेटचा बफर भरून विंडो (समोरचा आणखी किती बाइट घेऊ शकतो तो आकडा) शून्यावर आली आहे. फिन नाही, रीसेट नाही, शांतताही नाही. कर्नल विचारतो, समोरचा कर्नल ‘जागा नाही’ असं उत्तर देतो, आणि उत्तरं येत राहतील तोवर टीसीपीच्या नियमाप्रमाणे कनेक्शन चालूच ठेवायचं असतं (यूझर टाइमआउट लावला असेल तर लिनक्सचा कर्नल अशा वेळीही कनेक्शन तोडू शकतो, पण फक्त त्यावर विसंबून राहायचं नव्हतं). तिकडे लिहिणारा ड्रेनवर थांबलेला आणि त्याची रांग फुगत चाललेली. रांगेला 20 ओळींची मर्यादा घातली. ती भरली की सर्वांत जुनी ओळ टाकायची, कारण पाहणाऱ्याला ताजा आकडा हवा असतो. ड्रेन दोन मिनिटांत सुटलं नाही तर अबॉर्ट. हे दोन्ही आकडे अंदाजाने घेतलेले आहेत आणि कॉन्फिगरेशनमध्ये उघडे ठेवले आहेत.